मोताळ्याची खोली विकेना

ये ग, अशी जवळ ये. उंबऱ्यात उभं राहून बोलायची ही कुठली रीत? वर्ष वर्ष तोंड दाखवायचं नाही, आणि आलीस की लगेच परतीच्या गाडीची चौकशी. बस इथं, गार पाणी पी. आल्यापासून तुझं एकच चाललंय, मावशी फ्लॅट जात नाही, मावशी गिऱ्हाईक नाही, मावशी बाजार मंदा आहे. एका खोलीचा तो फ्लॅट, काय म्हणतात त्याला तुम्ही, स्टुडिओ. अगं, मंदा बाजार म्हणजे काय ते मला विचार. मीही एक खोली विकली आहे. जन्मात एकच, पण ती विकता विकता अशी मेटाकुटीला आले, की नंतर कुणी साधी कोंबडी विकायला निघालं तरी मला धडधडायचं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. आमचं वऱ्हाड आधी नागपूरकडं, मग मुंबईकडं, मग महाराष्ट्रात, असं फिरून आलेलं. त्यात नोकरदारांच्या बदल्यांचं वारं सुटलं होतं. तुझे काका गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. म्हणजे बैलाच्या सुजलेल्या खांद्याला पट्टी करायची, म्हशीला नळीनं औषध पाजताना शिंगं धरून उभं राहायचं, असलं काम. आम्ही मोताळ्याला होतो. ते त्यांचं गाव. माझं माहेर इकडचं, जालन्याच्या अंगाचं. नवी नवरी म्हणून तिकडं गेले तेव्हा त्यांचं ते मले-तुले, बायांचंही मी येतो-मी जातो ऐकून मला हसू यायचं, आणि माझं बोलणं ऐकून गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

खोली मालकीची होती, सासऱ्यांनी वाटणीत दिलेली. एका लांब धाब्याखाली ओळीनं चार खोल्या, त्यातली आमची पहिली. धाबं तू पाहिलं नसशील. मातीचं सपाट छप्पर. दर उन्हाळ्यात त्यावर नवी पांढरी माती टाकून चोपायची, नाहीतर पावसाळ्यात घरभर पातेली मांडून बसायचं. पुढं ओटा, मागं न्हाणी आणि मधे सगळा संसार. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात देव, तिसऱ्यात मडक्यांची उतरंड. चौथ्या कोपऱ्यात दार उघडायचं, म्हणून तो मोकळा ठेवावा लागे. त्यातच आम्ही दोघं, मोठी मुलगी आणि रांगतं मूल.

भादव्यात बदलीचा कागद आला, देऊळगाव राजा. जिल्हा तोच, पण पार दुसरं टोक. मोताळ्याहून निघायचं, राजूरचा घाट चढून बुलढाणा, तिथून चिखली, तिथून पुढं देऊळगाव. गाड्या बदलण्यात दिवस मावळायचा. मला मनातून आनंदच झाला. माहेर जवळ येणार होतं, आणि इथं देऊळगावात यांना एक जागा सापडली होती. दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणी, मागं पेरूचं झाड. मालक म्हातारे होते, पोराकडं औरंगाबादला जायचं होतं त्यांना. म्हणाले, तुम्ही सज्जन दिसता, पाडव्यापर्यंत दुसऱ्याला देत नाही, पण पाडवा उलटला की मला बोल लावू नका.

आता पाडवा म्हणजे सहा-सात महिने हातात. आम्हाला वाटलं, मोताळ्याची खोली दसऱ्याच्या आत जाईल. ती विकल्याशिवाय ही घेता येत नव्हती, दुसरा पैसा होताच कुठं? तू म्हणशील कुलूप लावून निघून यायचं होतं. धाब्याचं घर पावसाळाभर बंद ठेवलं की ते घर राहत नाही, चिखल होतो. भाड्यानं द्यावी, तर भाडेकरूला पुढं बाहेर कोण काढणार? तेव्हा हे पुढं गेले, आणि मी खोली विकेपर्यंत दोन लेकरं घेऊन मागं राहिले. हे दवाखान्याच्या बाकड्यावर झोपायचे, खानावळीत जेवायचे, आणि पंधरवड्यातून एखाद्या शनिवारी धुळीनं माखून यायचे.

सुरुवात कशी झाली सांगू? पितरपाखानं. कापसाचे एक दलाल होते गावात, घरंदारंही जमवून द्यायचे. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “पितरपाखात कोनी घर पाहाले निंगते का वहिनी? दसऱ्याले आनतो न गिऱ्हाईक. तुमी फक्त च्या ठेवत जा.”

चहा मी ठेवला. साखर मिळायची मारामार, तरी ठेवला. दसऱ्यानंतर एक जण आला, त्यानं आत पाऊलही टाकलं नाही. ओट्यावर उभा राहून वर बघत म्हणाला, “धाब्यावर माती कवा टाकली?”

“चैत्रात,” मी म्हणाले.

“म्हंजे पुढच्या चैत्रात आमालेच टाका लागन,” असं म्हणून चहा पिऊन गेला.

दुसरा एक उंच माणूस, बायको-आईला घेऊन आला. त्यानं सगळीकडं नजर फिरवली आणि बोलता बोलता सरळ जमिनीवर आडवा झाला. मी घाबरले, म्हटलं याला काय झालं? त्याची आई म्हणाली, “काई नाई बाई, पाय पुरतात का पाहून राह्यला.” पाय चुलीपर्यंत पोचले. मग त्याच्याशेजारी किती जण मावतील, हे सासू-सुनेनं बोटानं मोजलं. म्हातारा इथं, पोट्टे तिथं. शेवटी सासू म्हणाली, “सून कुठं झोपन?” सुनेचं तोंड बघून मीच म्हटलं, नका घेऊ.

आणि प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला, “काऊन विकून राह्यले?” बदली झाली म्हटलं की माना हलवायच्या, पण खरं वाटायचं नाही. बदली तर सगळ्यांचीच होते, त्यात घर कुणी विकतं का?

दिवाळीत म्हणाले कापूस घरात येऊ द्या. कापूस आला तर म्हणाले भाव चढू द्या. भाव चढतो न चढतो तोच पौष लागला. पौषात कुणी सुईसुद्धा घेत नाही. एकानं तर पुढचंच सांगून ठेवलं, “आखाजी होऊ द्या बाई. घट मांडतीन, पाऊसपानी कसं निंगते ते पाहू, मंग इचार करू.” अगं, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पाडव्याच्याही पुढं महिना! माझी एक खोली विकायला पुढच्या वर्षीच्या पावसाची परवानगी हवी होती.

इकडं काय झालं, तर धाकटा पायावर उभा राहिला, चालायला लागला, बोलायला लागला. एका शनिवारी दिवेलागणीला हे ओट्यावर चढले, तर तो दारातून आत पळत येऊन म्हणतो, “आई, पाहुने आले.” मोठीला हसू आवरेना. हेही हसले. मग हातपाय धुवायला म्हणून मागं गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी न्हाणीत डोकावले तर तांब्या हातात तसाच. मी मुकाट्यानं परत फिरले. पण त्या दिवसापासून त्या खोलीच्या चारी भिंतींचा मला असा संताप यायला लागला, की सारवताना हातातला बोळा जमिनीवर आपटायचे मी. नवरा तिकडं बाकड्यावर, लेकराला बाप पाहुणा, आणि मी इथं काय करतेय, तर एका रिकाम्या कोपऱ्याची राखण.

माघात दलाल म्हणाले, “वहिनी, भिंती काळ्या दिसतात. चुना मारा. घर उजळलं की गिऱ्हाईक चढते.”

मला पटलं. चुना भिजवला, त्यात निळीची पुडी टाकली, केरसुणीचा कुंचा केला आणि एकटीनं सगळी खोली पांढरी शुभ्र केली. हाताची कातडी सोलून निघाली. संध्याकाळी ओट्यावर बसून बघत होते, आपलीच आपल्याला ओळखू येईना खोली. तेवढ्यात पाण्याला निघालेली एक बाई थांबली.

“काऊन वं, लगन काढलं का घरी?”

“नाही हो. लेक एवढीशी आहे.”

“मंग कायले चुना?”

“असाच.”

“असाच?” ती म्हणाली, आणि घागर न भरताच मागं वळली.

माझी चूक मला दुसऱ्या दिवशी कळली. चुना दिवाळीला लागतो, लग्नाला लागतो. दिवाळी कधीच सरली होती. मग भर माघात कुणी भिंती रंगवतं, म्हणजे काहीतरी झाकतंय. गल्लीच्या एका टोकाला वाळवी निघाली, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत घरात कुणीतरी फाशी घेतलेली निघाली. त्यानंतर जे एक जोडपं आलं त्यातल्या बाईनं आल्या आल्या नखानं चुना खरवडला. नुसता एका जागी नाही, वेगवेगळ्या चार ठिकाणी. तिच्या नखांच्या रेघा मी बघत बसले. दलालांना म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं ना? तर म्हणाले, “म्या सांगतलं, पन लोकाईले सांगून मारा लागते न.”

आता फाल्गुन. पाडवा तोंडावर. आणि तेव्हा आली ती शिंप्याची बायको.

बाजाराच्या दिवशी आली, कडेवर पोर, बरोबर नवरा. शांत माणसं. भिंत खरवडली नाही, आडवं झालं नाही. तिनं दाराजवळच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात उभं राहून वितीनं जागा मापली. म्हणाली, “मशीन इथं बसते. दारातून उजेड येते. गिऱ्हाईकाले आत यावं लागत नाई.” बघ, ज्या कोपऱ्याचा मला कधी उपयोग झाला नाही, तो तिला सगळ्यात आवडला. नवऱ्यानं किंमत विचारली, थोडी घासाघीस केली, आणि पुढच्या बाजारी बयाणा आणून देतो म्हणाला. मी त्या आठवड्यात अर्धी उतरंड पोत्यात बांधली. यांना देऊळगावाला निरोप पाठवला, झालं म्हणून.

पुढचा बाजार आला. चहाचं आधण तीनदा ठेवलं, तीनदा आटलं. कुणी आलं नाही.

मी पोराला काखोटीला मारलं आणि सरळ बाजारात गेले. शिंप्याचं पाल ठाऊक होतं. नवरा मला बघून मान खाली घालून मशीन चालवायला लागला. बायको मात्र उठून बाजूला आली.

“काय झालं हो? खोली आवडली नव्हती का?”

“आवडली न बाई. लय आवडली.”

“मग?”

“आजीनं सोडली नाई न अजून.”

“कोण आजी?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “तुमच्या भिंतीची आजी. भिंतीचा शेजारी मोकळं करत नाई तोवर कोन घेईन बाई? उद्या भिंतीवरून कजिया निंगाला तं आमी परगावचे, आमच्याकून कोन बोलन? आमी घरी जाता जाता तिले पुसलं. तं ती म्हने, मले कोनी पुसलंच नाई, तं सोडू काय?”

मला भर बाजारात घेरी यायची बाकी राहिली.

ही आजी म्हणजे आमच्या पलीकडची, दुसऱ्या खोलीतली. तिची आणि आमची मधली भिंत एकच. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा. पोरगा-सून तिकडंच राहायचे, म्हातारी इथं. रोज पहाटे मळ्यात जायची, भाजी घेऊन यायची, आणि येता येता माझ्या ओट्यावर कधी मेथीची जुडी, कधी दोन वांगी टाकून जायची. मी तिला ताक द्यायची. आम्ही रोज बोलत होतो, रोज! लेकराचा खोकला, सुनेच्या तऱ्हा, सगळं. फक्त हे एक नाही.

तिकडच्या गावांत रीत अशी, की घर विकायचं तर ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून, त्याला आधी जाऊन विचारायचं, तुम्ही घेता का सोडता? त्यानं सोडलं म्हटलं की मगच बाहेरच्यानं हात घालायचा. माझ्या माहेरी मी हे कधी ऐकलं नव्हतं. पण तुझे काका तर तिथलेच ना! जन्म गेला त्यांचा त्या गल्लीत.

शनिवारी आले. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पाणी प्यायचीसुद्धा उसंत दिली नाही.

“आजीला विचारलं होतं तुम्ही?”

“काय?”

“खोलीचं. घेता का सोडता.”

“पुसलं न. कागद आला त्याच हप्त्यात पुसलं. तिच्या पोराले.”

“कुठं?”

“वावराच्या वाटेवर. तो बंडी घेऊन चालला होता, म्या थांबवली.”

“तो काय म्हणाला?”

“म्हने, आमाले कायले पायजे? मंग झालं न, सोडलं त्यानं.”

“घर कुणाचं आहे? त्याचं का तिचं?”

“घर बुढीच्या नावचं. पन बाईमानसाले काय पुसाचं त्यात? पोरगा हाय न करता-सवरता.”

तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी मी हलले नाही. भादवा, दिवाळी, पौष, चुना, लेकराच्या तोंडी पाहुणे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कशापायी? तर एका माणसानं दुसऱ्या माणसाला बैलबंडी थांबवून विचारलं म्हणून. मी एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी टोपी घाला, नारळ घ्या, पानसुपारी घ्या, आणि चला माझ्याबरोबर.”

“पन आता कसं जाचं? काय म्हनन ती?”

“काय म्हणायचं ते म्हणू दे. मी आहे.”

गेलो. आजी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. आम्हाला बघून तिनं हात थांबवला नाही.

“बसा बाप्पा. आज कसा काय रस्ता चुकला?”

यांनी नारळ पुढं ठेवला. खाकरले. “आजी, खोली विकाले काढली.”

“आस्सं? मले तं आत्ताच मालूम पडलं.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे टोपी सावरत म्हणाले, “तुमी घेता का सोडता, ते पुसाले आलो.”

तिनं एक जुडी बांधली. दुसरी घेतली. मग म्हणाली, “माह्या पोराले पुसलं म्हने तुमी.”

“हाव. चुकलंच ते.”

“त्याले पुसलं तं त्यालेच विका न. हे भिंत कोनी रचली? मालक गेल्यावर म्या रचली. विटा माह्या डोक्यावरून आल्या. तुमचा तो करता-सवरता तवा पाळन्यात मुतत होता.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “लोकं तुह्या घरी येत, च्या पेत, अन् जाता जाता माह्या दारात थांबत. आजी, सोडलं का? आजी, सोडलं का? काय सांगू मी त्याईले?”

मला राहवलं नाही. “अहो आजी, मग एकदा तरी बोलायचं! रोज सकाळी मेथी टाकत होता ओट्यावर. एक शब्द टाकला असता!”

“विकनाऱ्यानं पुसा लागते माय. म्या तोंड उघडलं असतं तं गाव म्हनलं असतं, बुढी टपूनच बसली होती.”

“बरं, झालं ते झालं. आता तरी सोडा. पाडवा आलाय हो. शिंप्याची माणसं तयार आहेत.”

“सोडू कायले वं?” आजी म्हणाली. “मीच घेतो.”

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिनं जुड्या बाजूला सारल्या आणि पदराला हात पुसले. तिची लेक दोन वर्षांपासून माहेरी परत आलेली होती, हे मला ठाऊक होतं. ती मळ्यातल्या झोपडीत राहते एवढंच ठाऊक होतं. आजी म्हणाली, “भावजय एक भाकर देते अन् चार गोष्टी ऐकवते. माह्या खोलीत ठेवतो म्हटलं तं पोरगा भांडते, म्हने खोली पुढं माह्या पोराईले पायजे. तिची आपली चूल पायजे बाई. मी जीती हाय तोवर पोरगी भिंतीपलीकडं डोळ्यापुढं राहीन. भाजीचे पैशे म्या ठेवून होतो. बदलीचं ऐकलं त्या दिवशीच इचार केला होता, की हे पुसतीन अन् मी हाव म्हनीन.”

आणि पोरगा वाटेवर काय म्हणाला होता? आमाले कायले पायजे! त्याला नकोच होतं ते. बहिणीला घर मिळू नये हेच तर हवं होतं त्याला.

हे माझ्याकडं बघेनात. मी यांच्याकडं बघेना. अगं, ज्या भिंतीला मी चुना फासला, त्याच भिंतीच्या पलीकडं पैसे घेऊन गिऱ्हाईक बसलेलं होतं, आणि अलीकडं मी पंचक्रोशीला चहा पाजत होते. रडावं का हसावं? मला दोन्ही आलं नाही. मला नुसता राग आला. यांचा, तिच्या पोराचा, दलालाचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडासा आजीचाही.

शिंप्याच्या बायकोला मीच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ द्या बाई, लेकीसाठी घेऊन राह्यली तं चांगलंच झालं.” पण कोपरा मापलेली तिची वीत मला दिसतच राहिली. ती एकदाही माझ्याशी वाकडं बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं.

वाटलं, आता तरी आठवड्यात कागद होईल. कसचा होतोय! पोरगा मळ्यातून धावत आला. ओट्यावर उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, “बुढी, पागल झाली का बे तू? पोरीच्या घरावर पैशे लावते?” आजी आतून म्हणाली, “बे कोनाले म्हनते? आवाज खाली कर. तुह्या बापानं माह्यासमोर आवाज चढवला नाई.” त्यानं जेवण टाकलं, मग दोन-चार शहाण्यांना समजूत घालायला आणलं, मग मळ्यातली भाजी देणं बंद केलं. आजी ढळली नाही. पण घाईही केली नाही तिनं. मला म्हणायची, “सनाच्या तोंडावर घरात कजिया नोको. थो थंडा होऊ दे, मंग मलकापूरले जाऊ कागद कराले.” तिचं खरंच होतं. तिला त्याच गावात, त्याच पोराबरोबर राहायचं होतं. पण माझा पाडवा?

पाडवा गेला. गुढी मी उभारली, हातात काठी धरून यांना म्हटलं, देऊळगावच्या म्हाताऱ्यांना निरोप धाडा, चार दिवस थांबा म्हणावं. यांनी निरोप पाठवला. उत्तर काही आलं नाही.

मग एके दिवशी पोरगा खरंच थंड झाला, म्हणजे दमला. मलकापूरला आम्ही एसटीनं गेलो. आजी, तिची लेक, हे आणि मी. पोरगा आला नाही. आजीनं अंगठा उठवला आणि शाई पदराला न पुसता बोट तसंच वर धरून बसली, परत येईपर्यंत. लेक खिडकीशी होती. सगळ्या वाटेत ती एकच बोलली. मला विचारलं, “वहिनी, धाब्याले माती कुठून आनता तुमी?”

बैलबंडी केली, सामान एसटीच्या थांब्यावर आणलं, टपावर चढवलं, आणि निघालो. चिखलीला गाडी बदलताना यांनी मला सांगितलं. म्हातारे पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी जागा देऊन मोकळे झाले होते. जालन्याच्या कुणा व्यापाऱ्याला. यांना आठवड्याआधीच कळलं होतं, पण मलकापूरचा कागद होईपर्यंत यांनी तोंडातून काढलं नाही.

“मग आता आपण कुठं उतरणार?” मी विचारलं.

“किराण्याच्या दुकानामागं एक खोली भाड्यानं पाहिली हाय.”

“खोली?”

“हाव.”

“एकच?”

“एकच.”

मी पुढं देऊळगावपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. लेकरं मांडीवर झोपली होती म्हणून, नाहीतर त्या गाडीत काय झालं असतं सांगता येत नाही.

मोताळ्याच्या पैशात तसं दुसरं घर काही मिळेना, म्हणून त्या दुकानामागच्या खोलीत आम्ही कितीतरी वर्षं काढली. रात्रंदिवस हळद-मिरच्यांचा वास, शिंकून शिंकून जीव जायचा. पेरूचं झाड असलेल्या त्या घरावरून मी बाजाराला जायची तेव्हा मुद्दाम पलीकडच्या कडेनं चालायची. पण पहिल्या संध्याकाळी एक झालं, ते सांगते. चार ताटं एकदम मांडली. पंधरवड्याचा हिशोब नाही, परतीची गाडी नाही. धाकटा यांच्याकडं बराच वेळ टकमक बघत होता. मग आपली ताटली ओढत ओढत त्यांच्याजवळ नेली, आणि त्यांच्याच ताटातलं खायला लागला. हे जेवायचे थांबले. मला म्हणाले, “पुन्हा काई विकाचं झालं तं तूच पाह्य.”

मी म्हटलं, “आता उरलंय काय विकायला?”

“ते बी खरं हाय,” म्हणाले, आणि लेकराच्या तोंडात घास दिला. राग गेला असं नाही. तो पुढं कितीतरी दिवस मीठ-मिरचीसारखा रोजच्या जेवणात होताच. पण त्या रात्री मी दार लावलं आणि सगळे आतच होते, एवढं मात्र खरं.

हे आत्ताचं घर पुढं निवृत्तीनंतर बांधलं, तेव्हा शेजारच्या चारही घरांत मी स्वतः जाऊन बोलले. आता हे नाहीत. पोरं आपापल्या नोकऱ्यांवर. दोन खोल्या मागच्या, एक पुढची, आणि मी एकटी सगळ्या घरभर हिंडते. बोलायला माणूस मिळालं की अशी सुटते बघ, तुझा चहाही गार झाला.

तुझी चिखलीची गाडी आता यायची. जा, पण ऐक. बालाजीच्या यात्रेला येते म्हणू नकोस, यात्रेत घर पाहुण्यांनी भरतं आणि बोलणं होत नाही. त्याच्या आधीच ये. पुढच्याच महिन्यात ये, आणि एका दिवसासाठी नको. चांगली आठ दिवस राहायला ये.